पश्चिमेला रस्ता असलेला प्लॉट आणि घर बांधायचंय: आर्किटेक्टशी आधी काय ठरवावं?

उंबरठा
बावधनच्या पुढे ४० x ६० फुटांचा प्लॉट आहे. रस्ता पश्चिमेला, लांब बाजू पूर्व-पश्चिम. वर तीन-साडेतीन फूट काळी माती, खाली मुरूम. तळमजला अधिक एक बांधायचंय, छत साधारण १००० चौ. फूट होईल. अपेक्षा अशा: एसीशिवाय एप्रिल-मे निघावा, भिंतींना ओल येऊ नये, रंगा-प्लायचा वास महिनोन्‌महिने घरात राहू नये, पाणी-विजेचा खर्च आटोक्यात असावा. आर्किटेक्टबरोबर पहिली बैठक व्हायची आहे. माती, बांबू, चुना, काय वाट्टेल ते 'ग्रीन' म्हणून खपवलं जातंय. पैसा आधी कुठे घालायचा आणि हात कुठे आखडायचा ते जाणकारांनी सांगावं. आकडे द्या, ही विनंती.

साधी_रेघ
पहिल्या बैठकीत साहित्याचा विषयच काढू नका. आधी ऊन आणि वारा. भिंत विटेची की मातीची हे दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीतही ठरवता येतं, पण खोल्यांची जागा एकदा चुकली की पुढे काही हातात राहत नाही.

पुण्याचा अक्षांश साधारण १८.५. डिसेंबरच्या शेवटी दुपारी सूर्य दक्षिणेला ४८ अंशांवर असतो, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ७१ च्या वर आणि १३-१४ मेच्या सुमारास थेट डोक्यावर. म्हणून दक्षिणेची खिडकी सगळ्यात सोपी. खिडकीच्या अगदी वर २ फुटांचा छज्जा काढला, तर ४ फूट उंचीची खिडकी मार्चपासून दुपारी पूर्ण सावलीत राहते आणि डिसेंबरमध्ये खालच्या पावणेदोन फुटांतून ऊन आत येतं. थंडीत नेमकं तेच हवं असतं.

पश्चिमेला हे गणित कोलमडतं. मेच्या मध्यावर संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजापासून जेमतेम २७ अंश वर असतो. त्या उन्हापासून ४ फुटांची खिडकी झाकायला छज्जा जवळजवळ ८ फूट लागेल. म्हणजे तो छज्जा नाही, पडवीच. त्यामुळे पश्चिमेला दोनच पर्याय: खरोखरची पडवी किंवा पोर्च, नाहीतर उभ्या पट्ट्या, जाळी, झाडं. अडचण अशी की पुण्यात उन्हाळ्याच्या संध्याकाळचा वाराही पश्चिमेकडूनच येतो, त्यामुळे ही बाजू भिंत घालून बंद करून चालत नाही. ऊन अडवायचं आणि वारा घ्यायचा, हा तुमच्या प्लॉटचा मुख्य प्रश्न. आर्किटेक्टला पहिलं काम हेच द्या: २१ डिसेंबर, २१ मार्च आणि १३ मे, या तिन्ही दिवशी सकाळी ९, दुपारी १ आणि ५ वाजता सावली कुठे पडते त्याची चित्रं काढून मागा. आजकालच्या सॉफ्टवेअरमध्ये हे अर्ध्या तासाचं काम आहे. टाळाटाळ झाली तर काय समजायचं ते समजा.

पेठकर
आणि घरच्या ज्येष्ठांनी नैऋत्येला मास्टर बेडरूम, आग्नेयेला स्वयंपाकघर असं आधीच ठरवलं असेल तर? ते झालेलंच असतं, म्हणून विचारतो.

साधी_रेघ
पेठकर, नेमकं बोललात. आग्नेयेचं स्वयंपाकघर पुण्याच्या हवेत उत्तमच बसतं. वारा पश्चिमेकडून, त्यामुळे फोडणीचा धूर घरात न फिरता पूर्वेकडून बाहेर जातो. भांडण नैऋत्येच्या बेडरूमशी आहे. दुपारी दोनपासून सूर्यास्तापर्यंत तापणारा कोपरा तोच, आणि झोपायलाही तिथेच जायचं. वाद घालण्यापेक्षा असं करा: बेडरूम तिथेच ठेवा, पण तिच्या पश्चिम भिंतीला संडास-बाथरूम आणि कपाटांची रांग लावा. भिंत तापली तरी ते ऊन माणसाऐवजी कपाटाला लागतं. मोठी खिडकी दक्षिणेला घ्या. पश्चिमेला वर फक्त दीड फूट उंचीचा झरोका ठेवा, वाऱ्यापुरता.

मुरूम_खडी
वरच्या मजल्यावर झोपणार असाल तर भिंतींच्या आधी छताचं बोला. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा सगळ्यात जास्त ऊन खातो तो स्लॅबच.

पुण्यात आपण पिढ्यान्‌पिढ्या ब्रिकबॅट कोबा (छतावर विटांच्या तुकड्यांचा थर) करतो. सरासरी साडेचार इंच जाडी, वजन चौ. मीटरला २०० किलोच्या आसपास. तुमच्या छतावर जवळजवळ वीस टन बोजा. पाणी तो अडवतो, उष्णता फारशी नाही. नुसत्या ५ इंची स्लॅबचा यू-व्हॅल्यू साडेतीनच्या जवळ असतो (हा आकडा जितका कमी तितकी उष्णता कमी आत येते). कोबा केल्यावर तो सव्वादोनवर येतो. केंद्राच्या २०१८ च्या इको निवास संहितेत छतासाठी कमाल १.२ ही मर्यादा आहे. संहिता ५०० चौ. मीटरच्या आतल्या प्लॉटला लागू नाही, पण मोजपट्टी म्हणून वापरा. स्लॅबवर ५० मिमी एक्सपीएस (उष्णता अडवणारे कडक फोमचे बोर्ड) टाकलं तर आकडा ०.५ च्या आसपास येतो. छताच्या बाबतीत एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

क्रम असा: स्लॅब, त्यावर १:१०० उताराचा स्क्रीड (सिमेंट-वाळूचा थर), पॅरापेटच्या कोपऱ्यात सगळीकडे वाटा (मसाल्याची गोलाई), मग वॉटरप्रूफिंगचा थर. तो पॅरापेटवर किमान एक फूट चढवायचा. इथे थांबून पाण्याची चाचणी: तोंडं बंद करून ४८ ते ७२ तास पाणी उभं ठेवायचं आणि खालून स्लॅब बघायचा. त्यानंतर एक्सपीएसचे बोर्ड, त्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड), वर दीड-दोन इंच स्क्रीड तुकड्या-तुकड्यांत, शेवटी पांढरी चायना मोझॅक. पांढऱ्यात रंगीत नक्षी करू नका, प्रत्येक गडद तुकडा ऊन शोषतो.

गडबड कुठे होते? एक, चाचणी न करता पुढचे थर टाकले जातात, मग गळती शोधायला सगळं उकरावं लागतं. दोन, बोर्ड टाकून ठेवले आणि वरचा स्क्रीड लांबला, मध्येच वळवाचा पाऊस आला, की बोर्ड तरंगतात आणि सांधे उघडतात. तीन, आणि सगळ्यात जास्त दिसणारं: वर्षभराने सोलरवाला येतो आणि ड्रिल मारून वॉटरप्रूफिंगची चाळण करून जातो. सोलरचे पेडेस्टल (पॅनेलखालचे काँक्रीटचे ठोकळे) कुठे येणार ते आजच ड्रॉइंगवर हवं आणि ते स्लॅबबरोबरच ओतले गेले पाहिजेत.

काळा_पाषाण
सगळे एक्सपीएस आणि ब्लॉकवरच आलात. पुण्याचा स्वतःचा दगड आहे, काळा बसाल्ट. शनिवारवाड्याची तटबंदी बघा, पेशवेकाळचं काम, खाली दगड, वर वीट, जोडणीला चुना. पेठांतले वाडेही तसेच. जाड भिंत, आत चौक, उन्हाळ्यात पंखासुद्धा लागत नसे. १८ इंची दगडी भिंत आणि आत चुन्याचा गिलावा, यापेक्षा निरोगी घर कोणतं?

मुरूम_खडी
पाषाणराव, दगडाबद्दल आदर आहेच, पण हिशोब करूया. १८ इंची बसाल्टच्या भिंतीचा यू-व्हॅल्यू दोनच्या पुढेच राहतो. ९ इंची विटेच्या भिंतीचा १.९ च्या आसपास, ८ इंची एएसी ब्लॉकचा (हवेचे बुडबुडे असलेला हलका सिमेंटचा ब्लॉक) ०.७. दगड उष्णता अडवत नाही, साठवतो. दुपारी चारला खाल्लेलं ऊन रात्री दोनला आत सोडतो. वाड्यात ते चालायचं कारण भिंतीला भिंत लागून शेजारचा वाडा होता, भिंतीवर ऊन पडायचंच नाही, शिवाय खाली राबता आणि वर माळा. उघड्या प्लॉटवर, पश्चिमेला, सावलीशिवाय दगडी भिंत म्हणजे रात्रीची शेगडी.

काळा_पाषाण
मान्य, पश्चिमेला नको. उत्तर आणि पूर्वेला, जोत्याला, आणि पडवीच्या सावलीतल्या भिंतीला दगड घ्या. तिथे साठवण्याचा गुण कामी येतो, कारण पुण्यात मार्च-एप्रिलच्या रात्री चांगल्याच उतरतात. रात्री खिडक्या उघड्या ठेवल्या की दगड गार होतो आणि दुपारी उपयोगी पडतो.

चुन्याच्या गिलाव्याचा हट्ट मात्र सोडणार नाही. फक्त तो नीट व्हायला हवा. पोत्यातली पांढरी पूड घेऊन काम होत नाही. कळीचा चुना आणून हौदात विझवायचा, पाण्याखाली किमान १५ दिवस, महिना दिला तर उत्तम. विझताना उकळतो, त्यामुळे चष्मा-हातमोजे सक्तीचे आणि लहान मुलं लांब. मग चाळून एकास तीन वाळू. हिरड्याचं पाणी आणि गूळ घालणारे कारागीर अजून मिळतात, प्रमाण त्यांचं त्यांना ठरवू द्या, पण आधी ३ x ३ फुटांचा नमुना मारून घ्या. पहिला हात १२ मिमी, दुसरा ८. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो, त्यासाठी आठ-दहा दिवस दमट राहावा लागतो. एप्रिलमध्ये उघड्या उन्हात मारला तर भुसभुशीत होतो, नखाने निघतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच हंगाम. आणि वर पुट्टी-प्लॅस्टिक पेंट लावणार असाल तर चुन्यावर पैसे घालवूच नका. भिंतीचं तोंडच बंद होतं. चुन्याचीच पातळ सफेदी, तीन हात.

उंबरठा
छान चाललंय. म्हणजे पश्चिम-दक्षिणेला एएसी, उत्तर-पूर्वेला थोडा दगड. पण एएसीच्या भिंतींना तडे जातात असं सगळीकडे ऐकू येतं. आणि मातीच्या दाबलेल्या विटा? माती तर प्लॉटवरच आहे.

मुरूम_खडी
प्लॉटवरची काळी माती विटेला चालत नाही. पावसात फुगते, उन्हात आक्रसते, भेगा पडतात. दाबलेल्या विटेला मुरूम, बारीक वाळू आणि थोडी चिकणमाती लागते, त्यात वजनाच्या ५ ते ८ टक्के सिमेंट. करायचंच असेल तर बाटलीची चाचणी करा: काचेच्या बाटलीत एक तृतीयांश माती, बाकी पाणी, खळखळून हलवून २४ तास ठेवा. वाळूचा थर तळाला, चिकणमाती वर, प्रमाण डोळ्यांना दिसतं. विटा किमान २१ दिवस झाकून ओल्या ठेवायच्या आणि भिंतीवर छताची दोन-अडीच फूट वळचण हवी. एवढं पाळणारा ठेकेदार असेल तर जरूर करा, घरातल्या एखाद्या आतल्या भिंतीपासून सुरुवात करा.

एएसीचे तडे ब्लॉकमुळे कमी, कामामुळे जास्त. जोडणी ब्लॉकच्या पातळ मोर्टारनेच, ३-४ मिमी. ब्लॉक पाण्यात बुडवायचे नाहीत, फक्त ब्रशने ओलसर करायचे. दर चार फुटांवर आरसीसीची पट्टी. कॉलम-बीम आणि ब्लॉकच्या सांध्यावर चिकन मेश (तारेची बारीक जाळी), दोन्हीकडे किमान ४ इंच. भिंत झाल्यावर लगेच गिलावा नको, तिला बसू द्या. गिलावा १:६, कारण सिमेंट जास्त घातलं की गिलावाच आक्रसून तडकतो. मिस्त्री 'मजबुतीसाठी' १:४ करायला बघतो, तिथे लक्ष ठेवा. वायरिंगच्या खाचा कटरने पाडायच्या. छिन्नी-हातोडा लावलात तर ब्लॉक आतून फुटतो. आडव्या खाचा तर नाहीच.

आता ओल, कारण तब्येत तिथेच बिघडते. काळी माती पूर्ण काढून पाया मुरमात किंवा कातळावर न्या. काढलेली माती जोत्यात भरायची नाही. ठेकेदार ती भरतोच, कारण वाहून न्यायचे पैसे वाचतात. दोन पावसाळ्यांनंतर फरशी खचते किंवा उचलते ती यामुळे. भरावा मुरमाचा, सहा-सहा इंचांचे थर, पाणी मारून धुमस करून. जोतं रस्त्यापेक्षा किमान दीड-दोन फूट उंच, आणि पुढे रस्त्यावर डांबराचे थर चढतातच हे धरून हिशोब करा.

डीपीसी (जोत्याच्या पातळीवरचा ओल अडवणारा थर) भिंतीच्या पूर्ण रुंदीत हवी. ती असूनही ओल चढते याची दोन कारणं साइटवर सतत दिसतात: बाहेरचा गिलावा जमिनीपासून थेट वरपर्यंत सलग मारलेला असतो, त्यामुळे ओल डीपीसीला वळसा घालून गिलाव्यातून चढते. किंवा नंतर बागेची माती भिंतीलगत डीपीसीच्या वर चढवली जाते. गिलाव्यात डीपीसीच्या पातळीला खाच ठेवा आणि भोवती अडीच-तीन फूट प्लिंथ प्रोटेक्शन (जोत्यालगतची पक्की पट्टी) बाहेरच्या उताराचं करा. जोत्यावरचा पहिला थर आणि बाथरूमच्या भिंतींचा खालचा सहा इंच भाग एएसीचा नको, तिथे काँक्रीट.

झरोका
खिडक्यांबद्दल कुणीच बोललं नाही. दोन ट्रॅकची स्लाइडिंग खिडकी कितीही मोठी घ्या, उघडते अर्धीच. मच्छरजाळी लावली की वारा आणखी कमी. बेडरूमला बिजागरीच्या खिडक्या घ्या, पूर्ण उघडतात. जाळी आतून, घडीची. पश्चिमेला मात्र वरून बिजागरी असलेली, खालून बाहेर ढकलायची खिडकी. जुलैचा आडवा पाऊस सुरू असतानाही ती चार बोटं उघडी ठेवता येते. पूर्वेच्या, म्हणजे वारा बाहेर पडायच्या खिडक्या पश्चिमेपेक्षा लहान ठेवू नका.

जिन्याच्या कॅबिनला पूर्वेकडे, छताला लागून लूव्हर (तिरप्या पट्ट्यांचा झरोका) ठेवलं की घरातली गरम हवा तिथून निघून जाते. पक्षी येऊ नयेत म्हणून मागे तारेची जाळी. वापरायची पद्धत साधी: एप्रिल-मेमध्ये सकाळी आठपर्यंत सगळं उघडं, मग बंद आणि पडदे, संध्याकाळी सातनंतर पुन्हा उघडं. दिवसभर सताड उघडं ठेवून 'हवा खेळती' म्हणणारे बाहेरचे ३८ अंश घरात घेतात.

छज्जाच्या खाली कडेला ड्रिपची खाच हवीच. ती नसली की पाणी छज्जाच्या पोटाला चिकटून भिंतीपर्यंत येतं आणि खिडकीच्या वर काळा पट्टा उमटतो. खिडकीचा सिलही बाहेर उताराचा. फुकटचं काम, तरी अर्ध्या घरांत राहून जातं.

सनमायका
आतल्या हवेबद्दल. वास रंगाचा वाटतो, पण जास्त दिवस टिकतं ते प्लाय-एमडीएफच्या गोंदातलं फॉर्माल्डिहाइड. 'मरीन' किंवा आयएस ७१० लिहिलं म्हणजे पाणी सोसणारं, एवढाच त्याचा अर्थ. उत्सर्जनासाठी (किती वायू सुटतो त्यासाठी) ई१ किंवा ई० हा दर्जा वेगळा विचारा आणि बिलावर लिहून घ्या. एमडीएफ कमीत कमी. कापलेल्या सगळ्या कडा, मागच्या आणि आतल्या धरून, बंद करा, कारण वायू तिथूनच बाहेर येतो. सुतार दिसणाऱ्या कडाच बंद करतो. आणि फर्निचरच मुळात कमी करा. भिंतभर लॉफ्ट आणि पॅनेलिंग करून मग लो-व्हीओसी (कमी वायू सोडणारे) रंग शोधण्यात अर्थ नाही.

शिशाची मर्यादा आता घरगुती रंगांना ९० पीपीएम आहे, २०१७ पासून. नव्या नामांकित रंगात ती भीती उरलेली नाही. वाडे पाडताना निघणारं जुनं सागवान घेणार असाल तर मात्र जपा: त्यावरचा जुना रंग कोरडा घासू नका, शिशाची धूळ होते. ओला घासा, पाणी गोळा करून टाका. खिळे काढल्याशिवाय रंधा लावू देणारा सुतार मिळणारही नाही.

स्वयंपाकघरात डक्ट नसलेली चिमणी घेऊ नका, ती तेलकट हवा गाळून तिथेच परत सोडते. ६ इंची डक्ट, कमीत कमी वळणं, थेट बाहेर.

पन्हाळी
पाण्याचा हिशोब. १००० चौ. फूट म्हणजे ९३ चौ. मीटर. पुण्याचा पाऊस ७२० मिमी धरला आणि ८० टक्के हाती लागला, तर वर्षाला ५३ हजार लिटरच्या आसपास. तुमच्या बाजूला पाऊस थोडा जास्तच. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं असतं, २ मिमी धरले तरी १८५ लिटर. त्यासाठी बरेच जण ११० मिमीच्या पाइपचा मीटरभर तुकडा लावतात. त्यात जेमतेम साडेआठ लिटर मावतं. २०० लिटरचं पिंप लावा, तळाला बारीक तोटी, म्हणजे ते आपोआप रिकामं होतं.

जमिनीत सोडायचं तर काळ्या मातीत खड्डा घेऊन उपयोग नाही, पाणी मुरतच नाही. मुरमापर्यंत उतरा, तळाला गोटे, मग खडी, वर जाड वाळू. वाळूचा वरचा थर दर उन्हाळ्यात काढून धुवायचा, नाहीतर तिसऱ्या वर्षी खड्डा तुंबतो. महापालिका हद्दीत असाल तर पर्जन्यसंधारण, सौरऊर्जा, गांडूळखत यांवर सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सवलत मिळते. पीएमआरडीएच्या (महानगर विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत असाल तर ती मिळायची नाही, आधी हद्द तपासा.

आंघोळीचं पाणी बागेला वळवायचं असेल तर त्याची लाइन संडासाच्या लाइनपासून आत्ताच वेगळी काढा. नंतर फरशी फोडून कुणी करत नाही. माणशी एक ते दीड चौ. मीटर खडीचा वाफा, दोन फूट खोल, त्यात कर्दळ. पाण्याची पातळी खडीच्या दोन-तीन इंच खालीच राहील असा बाहेरचा पाइप लावा, म्हणजे डास होत नाहीत. स्वयंपाकघराचं पाणी यात नको, तेलाने खडी बंद होते.

उंबरठा
सगळं लिहून घेतलं. शेवटचा प्रश्न: हे सगळं करारात कसं बसवायचं? 'चौरस फुटाचा दर सांगा' म्हटलं की ठेकेदार एक आकडा सांगतो आणि विषय संपतो.

साधी_रेघ
चौरस फुटाच्या दरात एक्सपीएस कधीच नसतं. आयटम रेट (प्रत्येक कामाचा वेगळा दर) करा आणि प्रत्येक आयटमचं वर्णन आर्किटेक्टकडून लिहून घ्या: जाडी, घनता, प्रमाण, चाचणी.

आर्किटेक्टची कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी आहे ना ते बघा. क्रमांक 'सीए/वर्ष/क्रमांक' असा असतो, कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासता येतो. मंजुरीची ड्रॉइंग म्हणजे बांधकामाची ड्रॉइंग नव्हे, तिथेच बहुतेकांची गफलत होते. करारात वर्किंग ड्रॉइंग, खिडकी-छज्जाचा १:१० चा छेद, छताच्या उताराचा नकाशा, स्लॅबआधीचं कंड्यूटचं (वायरिंगच्या नळ्यांचं) ड्रॉइंग आणि साइटला ठरावीक टप्प्यांवरच्या भेटी नावानिशी लिहा: पाया, जोतं, प्रत्येक स्लॅबची सळई, वॉटरप्रूफिंगची चाचणी. फी या टप्प्यांना बांधा. स्ट्रक्चरल इंजिनिअर वेगळा, मातीचा अहवाल त्याच्या हातात आधी.

पैसा कमी पडला तर क्रम असा ठेवा: ओल, छत, पश्चिमेची सावली, खिडक्या. चुना, दगड, फर्निचर त्यानंतर. सोलर नंतर बसवता येतं, पेडेस्टल नाही.

उंबरठा
पेडेस्टल किती उंच घ्यायचे?

मुरूम_खडी
तयार पृष्ठभागाच्या वर किमान एक फूट राहतील असे, म्हणजे खाली झाडू जातो आणि पाणी अडत नाही. ३ किलोवॅटला सुमारे ३०० चौ. फूट लागतात, दिवसाला सरासरी १२ युनिट मिळतात. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. पॅनेल बेडरूमच्या वर येतील असे मांडा, तेवढ्या स्लॅबला सावली फुकट. पाण्याच्या टाकीची सावली पॅनेलवर पडणार नाही एवढं बघा, टाकी उत्तरेला.